टाटा मेमोरियल : रुग्णापर्यंत पोहोचण्याचा इतिहास

नाशिक जिल्ह्यात कुणाच्या घरी कर्करोगाचे निदान झाले की पहिला सल्ला ठरलेला असतो : टाटाला न्या. मग तुकड्याचा रिपोर्ट, सोनोग्राफीच्या फिल्म, आधार आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स एका पिशवीत जातात. सकाळच्या पंचवटीने माणसे कसारा घाट उतरून दादरला पोहोचतात आणि तिथून परळ गाठतात. सुरगाण्याचा किंवा पेठचा रुग्ण असेल, तर तो त्याआधी एसटीने नाशिकला आलेला असतो. ही वाट तुडवलेले एक तरी घर आज जिल्ह्याच्या जवळपास प्रत्येक गावात सापडेल. म्हणूनच नाशिकहून निघणाऱ्या या स्मरणिकेत परळच्या रुग्णालयाचा इतिहास देत आहोत. टाटा मेमोरियल रुग्णालय मुंबईत उभे असले, तरी ते आपल्याही आरोग्याच्या इतिहासाचा भाग आहे.

एका स्मृतीतून उभी राहिलेली वास्तू

जमशेटजी टाटा यांचे ज्येष्ठ पुत्र सर दोराबजी यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांच्यावर परदेशात उपचार झाले होते. तशी सोय आपल्या देशातही असावी, ही दोराबजींची इच्छा होती. पत्नीच्या निधनाला वर्ष होते न होते तोच, जून १९३२ मध्ये जर्मनीत त्यांचेही निधन झाले. मात्र तोवर रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन झाला होता आणि दोराबजींची संपत्ती त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीकडे गेली होती. विश्वस्तांनी त्यांची इच्छा पुढे नेली. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लमली यांच्या हस्ते परळला टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्घाटन झाले. सुरुवातीला खाटा होत्या सुमारे ८०.

जागाही विचार करण्यासारखी होती. परळ हा गिरणगाव. केईएम, वाडिया, हाफकिन या संस्था शेजारी. कामगारांच्या चाळींमध्ये, कोकण आणि घाटावरून आलेल्या माणसांच्या वस्तीत हे रुग्णालय उभे राहिले. त्या काळी या रोगाचे नाव घरात उच्चारायचे नाही, रुग्णाचे ताट-वाटी वेगळी ठेवायची, अशी रीत होती. अशा काळात फक्त कर्करोगासाठी एवढी मोठी इमारत बांधणे हेच एक विधान होते : या रोगावर उपचार होऊ शकतात.

मूळचे गोव्याचे शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जेस या रुग्णालयाच्या उभारणीच्या काळातील आधारस्तंभ. शस्त्रक्रियेतले त्यांचे कौशल्य आणि गरीब रुग्णांबद्दलची कणव यांच्या आठवणी मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. रुग्णालयासमोरच्या रस्त्याला आज त्यांचेच नाव आहे.

१९५७ साली रुग्णालय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आले आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे सोपवले गेले. डॉ. होमी भाभा यांना या निर्णयाचे महत्त्व नेमके कळले होते. किरणोपचार, किरणोत्सर्गी समस्थानिके आणि मूलभूत संशोधन यांना एका छत्राखाली आणल्याशिवाय कर्करोगाशी झुंज देता येणार नव्हती. १९६६ मध्ये रुग्णालय आणि कर्करोग संशोधन संस्था एकत्र येऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले. तेव्हापासून उपचार करणारा हात आणि प्रश्न विचारणारी बुद्धी एकाच संस्थेत नांदत आहेत.

प्रयोगशाळा आणि नोंदवही

संशोधनाचा पाया घातला डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. आपल्याकडे कर्करोग कुणाला आणि कुठे होतो, याचे उत्तर त्यांनी लोकांच्या सवयींमध्ये शोधले. तंबाखू-चुना जिथे धरून ठेवतात तिथेच ओठाचा, तोंडाचा कर्करोग होतो आणि धोतराची गाठ जिथे वर्षानुवर्षे घासते तिथे त्वचेचा, हे त्यांनी १९४०च्या दशकात जगापुढे मांडले. १९५२ मध्ये परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले, तेही त्यांच्या नेतृत्वाखाली.

त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे यांचा उल्लेख मराठी वाचकापुढे ठळकपणे व्हायला हवा. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या कमलताईंनी या केंद्रात पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवून त्यांचा अभ्यास करण्याची ही विद्या आपल्या देशात रुजवण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. १९७३ मध्ये भारतीय स्त्री-वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत त्या अग्रभागी होत्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पुढे त्यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला आणि गावातल्या बायकांना आरोग्यसेविकेचे शिक्षण दिले. अकोले म्हणजे आपल्या इगतपुरी-सिन्नरच्या शेजारचा तालुका. सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशीपासून डोंगरातल्या कुपोषित मुलापर्यंत एकाच व्यक्तीने प्रवास केला, हा वारसा या संस्थेला लाभला.

संशोधनाला आणखी एक गोष्ट लागते : नोंद. डॉ. डी. जे. जस्सावाला यांनी १९५१ मध्ये नवल टाटा यांच्यासह इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. त्याच सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. देशातली अशी ही पहिलीच नोंदणी. १९८७ मध्ये बार्शीला ग्रामीण भागाची नोंदणी सुरू झाली. गावोगाव फिरून, संशयित रुग्ण शोधून आणि तपासून घेऊन केलेले हे काम डॉ. बी. एम. नेने आणि बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने चिकाटीने चालवले. खेड्यातल्या स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग किती आढळतो आणि तो किती उशिरा उघडकीस येतो, हे आकड्यांत मांडता आले ते या नोंदवहीमुळे.

उपचारांचे टप्पे

मार्च १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी टाटा रुग्णालयात देशातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. रुग्ण होती नऊ वर्षांची मुलगी आणि मज्जा दिली तिच्या भावाने. लहानपणीच्या पोलिओमुळे अडवाणी स्वतः चाकाच्या खुर्चीवरून वावरत. त्याच दशकात मुलांच्या रक्ताच्या कर्करोगासाठी चेन्नई आणि दिल्लीच्या संस्थांबरोबर एकसमान उपचारपद्धती राबवली गेली. एकाच पद्धतीने, ठरल्या मात्रेत, ठरल्या दिवशी औषधे दिल्यावर वाचणाऱ्या मुलांचे प्रमाण लक्षणीय वाढले.

जे बरे होणार नाहीत त्यांचे काय, हा प्रश्नही इथल्याच एका शल्यचिकित्सकाला पडला. डॉ. लुईस डिसूझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू केले. अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची वेदना कमी करणारी देशातली ही पहिली संस्था. २०१२ मध्ये महाराष्ट्राने अशा परिहार सेवेचे धोरण स्वीकारले, त्या धोरणामागे अशा कामांचा मोठा अनुभव होता.

रुग्णाच्या खिशातून निघालेले प्रश्न

टाटा मेमोरियलने जगाला दिलेले सर्वांत मोठे देणे कोणते, असे विचारले तर आमचे उत्तर स्पष्ट आहे. या संस्थेने आपले संशोधनाचे प्रश्न बाहेरून आणले नाहीत. ते तिने बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत बसलेल्या माणसांकडे पाहून तयार केले.

श्रीमंत देशांत तेव्हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी पॅप चाचणी करत. तिला प्रयोगशाळा लागते, पेशी वाचणारा तज्ज्ञ लागतो आणि रिपोर्टसाठी बाईला पुन्हा यावे लागते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये यातले काहीच जमणारे नव्हते. मग १९९८ पासून तिथल्या सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला. दहावीपर्यंत शिकलेल्या, वस्तीतच राहणाऱ्या बायकांना तपासणीचे शिक्षण दिले गेले. चाचणी अशी : पातळ केलेले ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, कापसाच्या बोळ्याने गर्भाशयमुखावर लावायचे. मिनिटभर थांबायचे आणि चांगल्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी पाहायचे. पांढरा डाग उमटला, तर त्या बाईला पुढच्या तपासणीला पाठवायचे. रिपोर्टसाठी पुन्हा खेप नाही, खर्च नगण्य. या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, हे डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतील जागतिक परिषदेच्या मुख्य सत्रात मांडले.

याच अभ्यासाची दुसरी बाजू स्तनांच्या कर्करोगाची. मॅमोग्राफीची यंत्रे नसली तरी शिकलेला हात गाठ ओळखू शकतो का? दर दोन वर्षांनी आरोग्यसेविकांनी हाताने तपासणी केली आणि वीस वर्षे पाठपुरावा झाला. डॉ. इंद्रनील मित्रा व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार ५० वर्षांवरील स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयाच्या स्त्रियांत मात्र तसा लाभ दिसला नाही.

दुसरा मोठा अभ्यास तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातला. बार्शीच्या रुग्णालयाने, टाटा मेमोरियलने आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मिळून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा पाठपुरावा केला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीनेही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये सिद्ध झाले. विषाणूच्या चाचणीवर आज जगभर भर दिला जातो, त्यामागचा एक भक्कम पुरावा मराठवाड्यातल्या शेतकरी बायकांनी दिलेला आहे. तुलनेसाठीच्या गटांना नियमित तपासणी न देण्यावरून या अभ्यासांवर देशात आणि परदेशांत टीकाही झाली. ती टीका या इतिहासाचा भाग आहे. यापुढच्या प्रत्येक संशोधकाने ती डोळ्यांपुढे ठेवलीच पाहिजे.

नवी औषधे, स्वस्त वाटा

तोंडाचा कर्करोग हा आपल्या भागाचा शाप आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे आढळले आणि त्यातले बहुतेक ती चघळणारे किंवा मिश्री लावणारे होते. तोंडातली गाठ काढताना मानेतल्या ग्रंथीही लगेच काढाव्यात, की त्या वाढल्या तरच काढाव्यात, हा वाद जगात अनेक वर्षे चालला होता. डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या चमूने २०१५ मध्ये तो मिटवला. लगेच ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते आणि वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. यात नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. फक्त शस्त्रक्रियेची वेळ बदलली.

डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली सोळाशे स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्तनाची गाठ काढण्याआधी काही मिनिटे तिच्याभोवती भुलीचे साधे इंजेक्शन दिले, तर पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. हे औषध प्रत्येक दवाखान्यात असते आणि त्याला शंभर रुपयेही लागत नाहीत.

रोगप्रतिकारशक्तीला जागे करणारी इम्युनोथेरपी हे आजचे मोठे आशास्थान. तिचा खर्च मात्र सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचा. डॉ. कुमार प्रभाष, डॉ. विजय पाटील आणि सहकाऱ्यांनी निवोलुमॅब हे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी देऊन पाहिले. डोके आणि मान यांच्या बळावलेल्या कर्करोगात केवळ जुनी औषधे घेतलेल्यांपैकी वर्षाअखेर १६.३ टक्के हयात होते. या छोट्या मात्रेची जोड मिळालेल्यांपैकी ४३.४ टक्के.

आणि आता पेशींचे उपचार. कार-टी पद्धतीत रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी बाहेर काढतात. प्रयोगशाळेत त्यांत नवे जनुक घालून त्यांना कर्कपेशी ओळखायला शिकवतात, त्यांची संख्या वाढवतात आणि त्या पुन्हा शिरेतून देतात. परदेशात याचा खर्च कोटींच्या घरात जातो. मुंबई आयआयटीतील डॉ. राहुल पुरवार यांची प्रयोगशाळा आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी हे तंत्र इथेच घडवले. जून २०२१ मध्ये टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते या उपचाराचे लोकार्पण झाले. किंमत परदेशाच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर आली. तरीही ती लाखांमध्येच आहे आणि द्राक्षबागेचे कर्ज डोक्यावर असलेल्या निफाडच्या शेतकऱ्याला ती आजही झेपणारी नाही. हे अंतर कमी करणे हे पुढच्या पिढीच्या संशोधकांचे काम आहे.

औषधाइतकाच निवारा

गावाहून आलेल्या रुग्णाला परळला पहिली अडचण येते ती मुक्कामाची. शेक, म्हणजे किरणोपचार, घ्यायचा तर पाच-सहा आठवडे रोज यावे लागते. केमो दर तीन आठवड्यांनी. मुंबईत ओळखीचे घर असले तरी खोली एकच. रुग्णालयासमोरच्या पदपथावर प्लॅस्टिकच्या चटईवर बसलेली कुटुंबे आपण सर्वांनी पाहिली आहेत. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, मुलांसाठीची सेंट ज्यूड केंद्रे, अशा संस्थांनी हजारो कुटुंबांना छत, जेवण आणि धीर दिला. या संस्थांची कामगिरी नोंदवल्याशिवाय टाटा मेमोरियलचा इतिहास पुरा होत नाही.

निवारा हा उपचाराचाच भाग असतो, हे मुलांच्या विभागाने दाखवून दिले. २००९च्या सुमारास पाचांतले एक मूल उपचार अर्धवट टाकून गावी परतत असे. मग राहण्याची सोय, खर्चाला मदत, आहार, समुपदेशन आणि गैरहजर कुटुंबाला फोन, अशी घडी बसवली गेली. काही वर्षांतच हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आले. ही मुले वाचली ती त्यांच्या आईवडिलांना मुंबईत टिकून राहता आले म्हणून.

परळहून बाहेर

आज परळला वर्षाला सुमारे ७० हजार नवे रुग्ण नाव नोंदवतात. एका आवारात एवढा भार किती दिवस पेलणार? म्हणून संस्थेने स्वतःचा विस्तार केला. २००२ मध्ये खारघरला संशोधन व उपचाराचे प्रगत केंद्र उभे राहिले आणि त्यानंतर वाराणसी, संगरूर, विशाखापट्टणम, गुवाहाटी अशी रुग्णालये जोडली गेली. २०१२ मध्ये राष्ट्रीय कर्करोग जाळे सुरू झाले आणि आज त्यात तीनशेहून अधिक संस्था आहेत. सर्वांसाठी उपचारांची एकच मार्गदर्शक चौकट ठरली. अनेक रुग्णालयांनी मिळून ४० औषधांची एकत्र खरेदी केली, तेव्हा किमती एवढ्या उतरल्या की बचतीचा आकडा तेराशे कोटी रुपयांवर गेला.

नाशिकचे चित्रही पालटले आहे. शस्त्रक्रिया, शेक आणि केमो या तिन्ही सोयी आता शहरात आहेत. शालिमारच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात कर्करुग्णांवर उपचार होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे अनेक कुटुंबांना घर किंवा जमीन विकावी लागत नाही. राज्यभरातल्या डॉक्टर-परिचारिकांचे शिक्षण ठरवणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच शहरात आहे. परळला जावेच लागेल असे रुग्ण यापुढेही असतील. पण प्रत्येकाने जावे अशी आज परिस्थिती उरलेली नाही.

आपल्या वाट्याचे काम

२०२२च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला १४ लाखांहून अधिक नवे कर्करुग्ण आढळतात आणि ९ लाखांहून अधिक माणसे या रोगाने जातात. या दोन आकड्यांतले अंतर एवढे थोडे का, याचे मोठे कारण उशीर. तोंडातला पांढरा चट्टा महिनोन्‌महिने तसाच राहतो. बाई स्तनातली गाठ दुखत नाही म्हणून कुणाला सांगत नाही. शेतकरी म्हणतो, गोडी छाटणी होऊ द्या, माल निघू द्या, मग बघू. तोवर गाठ पुढच्या टप्प्याला गेलेली असते.

या उशिरावरचे उपाय शोधून झाले आहेत आणि ते महागही नाहीत. तोंड टॉर्चच्या उजेडात पाहता येते. स्तनांची तपासणी आरोग्यसेविका करू शकते. गर्भाशयमुखाची चाचणी उपकेंद्रात होऊ शकते. एचपीव्ही लसीच्या एका मात्रेनेही दीर्घकाळ संरक्षण मिळते, हे भारतीय मुलींच्या दहा वर्षांच्या पाठपुराव्यातून दिसले आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्वदेशी लस २०२३ पासून उपलब्ध आहे. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. ती शाळेजवळच्या टपरीपर्यंत अमलात आणणे हे ग्रामसभेच्याही हातात आहे.

म्हणून या इतिहासाच्या शेवटी आम्ही नाशिककरांपुढे तीन कामे ठेवतो. प्रत्येक गावात वर्षातून एकदा तिशीपुढच्या सर्वांची तोंडाची आणि स्त्रियांची नियमित तपासणी आशाताईंच्या मदतीने व्हावी. उपचार सुरू झालेल्या प्रत्येक रुग्णामागे गावातला एक जाणता माणूस असावा. त्याने पुढची तारीख लक्षात ठेवावी, योजनेची कागदपत्रे करून द्यावीत आणि रुग्ण मध्येच थांबला तर त्याच्या दारात जावे. आणि जे बरे होऊन आले, त्यांनी गावात उघडपणे बोलावे, कारण भीती घालवण्याचे बळ त्यांच्या शब्दांत आहे, ते कोणत्याही भित्तिपत्रकात येणार नाही. टाटा मेमोरियलने ऐंशीहून अधिक वर्षे रुग्णाच्या दिशेने पावले टाकली आहेत. आता आपण आपला रुग्ण वेळेत तिथवर, किंवा नाशिकच्याच रुग्णालयापर्यंत, पोहोचवायचा आहे.